वेड जाईना, लग्न होईना : बर्लिनमध्ये भाड्याचं घर

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. बर्लिनच्या एका कंपनीची नोकरी पक्की, व्हिसा झालेला, तिकीट काढलेलं. "मामा, घराचं तिथे आल्यावरच बघू ना? हिंजवडीत मला तीन दिवसांत फ्लॅट मिळाला होता. दोन एजंट गाठू, फार तर डिपॉझिट थोडं जास्त देऊ." मी म्हटलं, बाबा रे, तू आत्ता जे जे बोललास त्यातलं काहीच इथे चालत नाही. मग तासभर बोलत बसलो. तेच बोलणं इथे जरा नीट मांडून ठेवतोय.

कारण हा प्रश्न आता एकट्या भाच्याचा राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने कुशल भारतीयांना द्यायच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. पुण्यात जर्मनच्या क्लासमध्ये व्याकरण घोटून घेतात, मुलाखतीची तयारी करून घेतात. घराची तयारी मात्र कुणी करून घेत नाही. मी लिहितोय ते बर्लिनबद्दल, पण भाड्याचा मूळ कायदा सगळ्या जर्मनीला एकच, त्यामुळे म्युनिकला किंवा स्टुटगार्टला निघालेल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी जाहिरात वाचायला शिका

जर्मन जाहिरातीतलं 'दोन खोल्यांचं घर' म्हणजे आपला वन बीएचके. इथे हॉल आणि बेडरूम मोजतात. स्वयंपाकघर आणि बाथरूम मोजणीत धरत नाहीत. 'एक खोली' म्हटलं तरी स्वतंत्र बाथरूम असलेलं छोटं घर असू शकतं. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं. पन्नास चौरस मीटर म्हणजे साधारण ५४० चौरस फूट, आणि तेही चटईक्षेत्र. सुपर बिल्टअप नावाची जादू इथे नाही.

भाडं दोन प्रकारे लिहितात. काल्टमीटे म्हणजे थंड भाडं, नुसत्या जागेचं. वार्ममीटे म्हणजे गरम भाडं. त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई, इमारतीचा विमा असं सगळं येतं. आपल्याकडे भाडं अधिक सोसायटीचा मेंटेनन्स, तसंच. फरक इतकाच की हा वरचा खर्च अंदाजाने आगाऊ घेतात आणि वर्षाचा हिशेब नंतर होतो. हिवाळ्यात खिडकी उघडी ठेवून हीटर चालवलात तर पुढच्या वर्षी काहीशे युरोंचं बिल दारात येतं. काटकसर केलीत तर पैसे परतही मिळतात. वीज आणि इंटरनेट बहुधा गरम भाड्यातही नसतात. म्हणून दोन घरांची तुलना करताना थंडाशी थंड, गरमाशी गरम जुळवा. 'साडेसातशेत मिळालं' म्हणणारा मित्र कुठल्या भाड्याबद्दल बोलतोय तेही विचारा.

आणि स्वयंपाकघराचं एक. 'रिकामं घर' म्हणजे जर्मनीत खरोखर रिकामं. ओटा नाही, कपाटं नाहीत, छतातून नुसत्या वायरी लोंबतात. बर्लिनमध्ये निदान सिंक आणि शेगडी बहुधा असते. बाकीच्या शहरांत तीही नसू शकते. जुना भाडेकरू जाताना आपलं किचन उचलून नेतो, नाहीतर नव्याला विकतो. आपल्या आईवडिलांना हे फोनवर समजावणं हे एक स्वतंत्र काम आहे.

वेड जाईना, लग्न होईना

लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण ज्याने केली तो बर्लिनला आला नसणार, पण आला असता तर त्याला घरच्यासारखं वाटलं असतं.

जर्मनीत राहायला आलेल्या माणसाने घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत आपला पत्ता सरकारदरबारी नोंदवायचा असतो. याला आनमेल्डुंग म्हणतात. मी पुढे पत्तानोंदणी म्हणेन. ती झाली की करक्रमांक पोस्टाने घरी येतो. करक्रमांक वेळेत दिला नाही तर कंपनीला तुमच्या पगारातून सगळ्यात जड दराने कर कापावा लागतो. निवासपरवाना, आरोग्यविमा, बऱ्याच बँकांमधलं खातं, सगळीकडे हाच पत्ता मागतात.

नोंदणीसाठी घरमालकाचा सहीचा दाखला लागतो. १ नोव्हेंबर २०१५ पासून त्याच्याशिवाय नोंदणी होत नाही. त्या दाखल्याचं जर्मन नाव एका श्वासात उच्चारता येत नाही, तेव्हा ते सोडून देऊ. म्हणजे पत्ता हवा तर घर हवं. आणि घर मागायला गेलात की मालक मागतो शूफा.

शूफा ही आपल्या सिबिलसारखी पतनोंद ठेवणारी खासगी कंपनी. १९२७ साली बर्लिनमध्येच तिची सुरुवात झाली. तुमचं खातं, कर्ज, थकलेली बिलं यांवरून ती तुमची पत ठरवते. नव्याने आलेल्या माणसाची पत वाईट नसते, ती मुळी नसतेच. पण शंभर अर्जांचा गठ्ठा समोर असलेल्या मालकाच्या लेखी कोरी पाटी आणि वाईट पाटी यांत फारसा फरक नसतो. पत तयार व्हायला खातं आणि व्यवहार हवेत, खात्यासाठी पत्ता हवा, पत्त्यासाठी घर, घरासाठी पत.

हे चक्र आहे तसं गच्च बंद मात्र नाही. २०१६ पासून युरोपीय नियमानुसार देशात कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला साधं खातं उघडून मागण्याचा हक्क आहे, आणि काही ऑनलाइन बँका पासपोर्टवर खातं उघडतात. ही फट लहान आहे, पण पहिला पगार तिच्यातून आत येतो.

घर एक नाही, दोन शोधायचे

बहुतेक नवखे लोक पहिल्या दिवसापासून कायमचं घर शोधू लागतात आणि तीन महिन्यांत थकून जातात. माझं मत सरळ आहे: पहिलं घर राहण्यासाठी नसतं, पत्त्यासाठी असतं. तीन ते सहा महिन्यांसाठी सामानासह भाड्याने मिळणारी खोली घ्या, महाग असली तरी घ्या, आणि तिथे बसून दुसरं, खरं घर शोधा.

ही पहिली जागा बघताना स्वयंपाकघर, बाल्कनी, मेट्रोचं अंतर हे सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच, इथे पत्तानोंदणी होईल का? 'नाही' असं उत्तर आलं तर कारण ओळखा. इथे भाडेकरूला आपलं घर पोटभाड्याने द्यायचं तर मूळ मालकाची परवानगी लागते. ती न घेता गुपचूप खोली देणारा माणूस तुम्हाला दाखला देऊच शकत नाही, कारण दाखला दिला की बिंग फुटलं. अशा जागेत तुम्ही पैसे भरून राहता, पण सरकारच्या लेखी तुम्ही कुठेच नसता.

पत्तानोंदणीचा दाखला नुसता विकणारेही भेटतात: राहू नका, शंभर-दोनशे युरो द्या, कागद घ्या. याच्या वाटेला जाऊ नका. खोटा पत्ता पुरवणाऱ्याला ५० हजार युरोंपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे, आणि तुमचा निवासपरवाना याच कागदावर उभा राहणार आहे.

पोटभाड्याच्या खोलीशिवाय दुसरा मार्ग म्हणजे व्हेगे, चार-पाच जणांनी मिळून घेतलेलं घर. आपल्याकडच्या कॉट बेसिसचा सुधारलेला भाऊ. मात्र इथे आधीचे भाडेकरू तुमची मुलाखत घेतात. स्वयंपाक करता का, भांडी कधी घासता, पार्टी आवडते का. कांदेपोहे कार्यक्रमाचा अनुभव असलेल्यांना हे जड जाऊ नये.

मुळात घरं गेली कुठे?

गिरगावातल्या पागडीच्या चाळी आठवा. भाडं जुनं, शे-दोनशे रुपयांचं, भाडेकरूला हलवता येत नाही, म्हणून तो हलतही नाही. बर्लिनचं गणित त्याच जातीचं आहे, फक्त त्याचे नियम जास्त शहाणे आहेत.

बर्लिनमध्ये दहापैकी आठांहून जास्त घरांत भाडेकरू राहतात. इथे अकरा महिन्यांचा करार नसतो. नेहमीचा करार बेमुदत असतो. मालक सबळ कारणाशिवाय तो मोडू शकत नाही. 'मला किंवा माझ्या जवळच्या नातलगाला राहायला हवं' हे कायद्याने मान्य असलेलं मुख्य कारण, आणि त्यालाही तीन महिन्यांची नोटीस. पाच वर्षं राहिला असाल तर सहा महिन्यांची, आठ वर्षं झाली असतील तर नऊ. चालू भाडंही मनाला येईल तसं वाढवता येत नाही. बर्लिनसारख्या टंचाईच्या शहरात साध्या करारावर, म्हणजे भाडं आपोआप वाढण्याचं कलम नसलेल्या करारावर, तीन वर्षांत फार तर १५ टक्के.

याचा परिणाम? ज्याचा करार पंधरा वर्षांपूर्वीचा, तो आजच्या बाजारापेक्षा फारच कमी देतो. मुलं मोठी होऊन गेली, घर मोठं पडतं, तरी तो सोडत नाही, कारण सोडून लहान घर घेतलं तर तेच महाग पडेल. त्यात शहरानेही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. भिंत पडल्यानंतरच्या काळात पैशाची चणचण होती, तेव्हा सरकारी मालकीची घरं विकली गेली. २००४ मध्ये एकाच कंपनीसोबत सुमारे ६५ हजार घरं गुंतवणूकदारांकडे गेली. नंतर लोक येत राहिले आणि बांधकाम मागे पडलं. सप्टेंबर २०२१ मध्ये बर्लिनकरांनी सार्वमतात सुमारे ५९ टक्के मतांनी कौल दिला की बड्या कंपन्यांची घरं सरकारने ताब्यात घ्यावीत. कौल बंधनकारक नव्हता, पण लोक किती वैतागले आहेत ते त्यावरून कळतं.

थोडक्यात, कायदा आत बसलेल्याचं रक्षण करतो. तुम्ही सध्या दाराबाहेर आहात. म्हणून हाच कायदा आज तुम्हाला निर्दयी वाटेल आणि एकदा आत शिरलात की देवासारखा वाटेल. लोकलच्या डब्यात चढण्यापूर्वीचे आपण आणि चढल्यानंतरचे आपण, तसं.

"मग नव्या भाड्याला लगाम नाही का?"

आहे. २०१५ मध्ये भाड्याचा 'ब्रेक' लावणारा कायदा आला आणि २०२५ मध्ये त्याची मुदत २०२९ अखेरपर्यंत वाढवली. नवं भाडं त्या भागातल्या तशाच घरांच्या सरासरी दरापेक्षा १० टक्क्यांहून जास्त असू नये, असा नियम. हे सरासरी दर शहर स्वतः तक्ता काढून प्रसिद्ध करतं. पत्ता, क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष टाकून कुणालाही बघता येतो.

पण ब्रेकला पळवाटा बऱ्याच. ऑक्टोबर २०१४ नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या घराला तो लागू नाही. थोड्या काळासाठी दिलेल्या घरालाही नाही. आणि सामानासह दिलेल्या घरात पलंग, टेबल आणि दोन कढया ठेवून मालक किती जादा पैसे लावतो याचा हिशेब काढणं कठीण. नवखा माणूस नेमका याच पळवाटांमधून आत येतो, म्हणून त्याचं पहिलं भाडं सगळ्यात जास्त असतं.

२०२० मध्ये बर्लिनने स्वतःचा कडक भाडेगोठवणीचा कायदा केला होता. एप्रिल २०२१ मध्ये घटना न्यायालयाने तो रद्द ठरवला, कारण हा विषय राज्याच्या अधिकारातला नाही. कित्येक भाडेकरूंना वाचलेले पैसे मालकाला परत द्यावे लागले.

कायमच्या घरात गेल्यावर मात्र तक्ता जरूर तपासा. भाडं ब्रेकच्या वर निघालं तर मालकाला लेखी हरकत पाठवता येते. एप्रिल २०२० नंतरच्या करारात तीस महिन्यांच्या आत हरकत घेतली, तर अगदी पहिल्या महिन्यापासूनचा फरक परत मागता येतो. आधी सही, मग हरकत, हा क्रम इथे कायदेशीर आहे. आपल्या मनाला तो पटायला वेळ लागतो.

"एजंटला पैसे देऊ, डिपॉझिट जास्त देऊ"

भाच्याचा हा हुकमी एक्का होता. जून २०१५ पासून नियम असा की एजंटला ज्याने बोलावलं त्याने पैसे द्यायचे. जाहिरात मालकाच्या एजंटची असेल तर तुम्ही एक सेंटही देणं लागत नाही, आणि त्याने मागितला तर ती धोक्याची खूण समजा.

डिपॉझिटही थंड भाड्याच्या तिपटीहून जास्त घेता येत नाही, आणि ते तीन हप्त्यांत भरायचा हक्क तुम्हाला आहे. बंगळुरूत दहा महिन्यांचं डिपॉझिट मोजलेल्यांना हे स्वप्नवत वाटेल. पण याची दुसरी बाजू बघा: पैसे टाकून रांगेत पुढे जाण्याचा रस्ताच बंद. वर्षभराचं भाडं आगाऊ द्यायची तयारी दाखवलीत तर बरेच मालक उलट बिचकतात, या माणसाच्या नोकरीत काहीतरी काळंबेरं असावं म्हणून.

मग मालक बघतो काय? एकच, दर महिन्याला भाडं वेळेवर येईल का. अलिखित नियम असा की हातात पडणारा पगार भाड्याच्या तिप्पट असावा. म्हणून सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये, एका क्रमाने लावून तयार ठेवा: स्वतःची ओळख करून देणारं जर्मनमधलं छोटं पत्र, पासपोर्ट आणि व्हिसा, नोकरीचा करार, पगाराच्या तीन पावत्या. पावत्या नसतील तर पगाराचा आकडा असलेलं कंपनीचं पत्र. शूफाचा उतारा मिळण्यासारखा नसेल तर गप्प बसू नका. 'अमुक महिन्यात आलो, म्हणून नोंद नाही' असं एका ओळीत लिहा. पहिल्या घरमालकाकडून भाडं थकलेलं नसल्याचं पत्र घ्या, म्हणजे तीन महिन्यांत पहिलं घर दुसऱ्या घराचा जामीन होतं. विद्यार्थ्यांकडे पगार नसतो, पण व्हिसासाठी अडकवून ठेवलेली रक्कम असते, २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाला ११,९०४ युरो. तो कागद फाइलमध्ये लावा.

घर दाखवायला मालक एकाच वेळी तीस-चाळीस जणांना बोलावतो. जिन्यात रांग लागते. आत पाच मिनिटं मिळतात. अर्ज तिथेच द्या, संध्याकाळी नाही. ऑनलाइन जाहिरातीलाही पहिल्या तासात उत्तर गेलं तर बरं. खासगी संकेतस्थळांबरोबर शहराच्या मालकीच्या सहा गृहकंपन्यांची एकत्र यादीही रोज बघा. तिथे स्पर्धा तुंबळ, पण भाडी माणसात आहेत.

"आडनाव बघून नाकारतात का?"

हो, तेही होतं. २०१७ साली दोन जर्मन माध्यमसंस्थांनी मोठी चाचणी केली होती: सारखाच मजकूर, सारखीच नोकरी, फक्त नाव बदललेलं, असे हजारो अर्ज पाठवले. परकी नावं असलेल्यांना, विशेषतः तुर्की आणि अरबी नावांच्या लोकांना, घर बघायची बोलावणी कमी आली. २००६ पासून भेदभावविरोधी कायदा आहे, पण चाळीस उमेदवारांतून एक निवडताना इतरांना का वगळलं हे मालकाला सांगावं लागत नाही. मग सिद्ध काय करणार? उपाय अर्धामुर्धा आहे. पहिला संदेश बिनचूक जर्मनमध्ये, नोकरीचा उल्लेख पहिल्याच ओळीत.

एक मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. या विषयावर इथले आपले लोक फार तावातावाने बोलतात. त्यांच्यातलेच काही पुण्यातला स्वतःचा फ्लॅट भाड्याने देताना 'फॅमिली, व्हेज ओन्ली' असं लिहितात, आणि फोनवर आधी आडनाव विचारतात.

चाव्या पोस्टाने पाठवणारा मालक

फसवणुकीची गोष्ट जवळपास नेहमी सारखीच असते. सुंदर फोटो, बाजाराच्या निम्मं भाडं, मालक 'सध्या परदेशात', म्हणून घर दाखवता येत नाही. डिपॉझिट पाठवा, चाव्या कुरिअरने येतील, नाही आवडलं तर पैसे परत. भारतात बसून घर शोधणारा माणूस याला सहज बळी पडतो, कारण त्यालाही घर प्रत्यक्ष बघता येत नसतं. आपण किंवा आपल्या ओळखीच्या कुणी घर आतून पाहिलेलं नाही आणि करारावर सही झालेली नाही, तोवर एक पैसा पाठवायचा नाही. पासपोर्टची प्रतही नाही. त्या प्रतीवर पुढच्या माणसाला फसवतात. निघण्यापूर्वी फक्त पहिल्या काही आठवड्यांची सोय करा, तीही कंपनीमार्फत किंवा ओळखीतून झाली तर उत्तम.

सही झाल्यावर

करार जर्मनमध्ये असतो. दोन गोष्टी शोधा: पहिली एक-दोन वर्षं घर सोडता येणार नाही असं कलम आहे का, आणि भाडं दरवर्षी आपोआप वाढेल असं लिहिलंय का. पहिलं कलम नसेल तर तुम्ही कधीही तीन महिन्यांची नोटीस देऊन निघू शकता. काही अडलं तर शहरात भाडेकरूंचा संघ आहे. वार्षिक वर्गणी भरली की वकिलाचा सल्ला मिळतो. भांडण झाल्यावर नाही, आधीच सभासद व्हा.

चाव्या घेताना भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा कागदावर उतरवून घ्या, फोटो काढा, मीटरचे आकडे लिहा. डिपॉझिट परत मिळताना हाच कागद उपयोगी पडतो. बॅगेत एक बल्ब आणि होल्डर असू द्या. हिवाळ्यात चारला अंधार पडतो आणि छतात वायरींशिवाय काही नसतं.

आणि मग खाली जाऊन पत्रपेटीवर स्वतःचं आडनाव चिकटवा. इथल्या इमारतींत बहुधा फ्लॅटला क्रमांक नसतो, पोस्टमन नावावरून पत्र टाकतो. नाव नसेल तर करक्रमांकाचं पत्र आल्या वाटेने परत जातं आणि तुम्ही दोन महिने त्याची वाट बघत बसता. माझ्या बाबतीत तेच झालं होतं. नाव लावल्यावर मात्र चार दिवसांत पहिलं पत्र आलं. मोठ्या आनंदाने उघडलं. रेडिओ-टीव्हीची वर्गणी भरा म्हणून होतं. आता ती महिन्याला १८.३६ युरो आहे, घरात टीव्ही असो वा नसो.